मेंढपाळ आणि मेंढपाळीण: पोर्सलेनची एक जुनी जोडी

पॅरिसला लागून असलेल्या सेंत-उआँच्या जुन्या बाजारातील एका दुकानातून घेतलेली ही छोट्या मूर्तींची जोडी, १८व्या शतकातील फ्रेंच राजा पंधराव्या लुईच्या काळातील रोकोको या नाजूक, अलंकारिक शैलीची १९व्या शतकातील फ्रान्सला पुन्हा जी ओढ लागली, तिचा देखणा नमुना आहे. तळाशी झिलईखाली निळ्या रंगात झाकोब पेती (Jacob Petit) या १९व्या शतकातील फ्रेंच पोर्सलेन-निर्मात्याची ‘जे. पी.’ ही अक्षरे आहेत; अर्थात अशा खुणांच्या नकला होत असल्याने केवळ त्यांवर विसंबू नये. बैठकीवरील फुलांची एकेक पाकळी हाताने वळून चिकटवलेली असून, कडांवर झिजलेला सोनेरी मुलामा मला नव्या चकाकीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटला. मेंढपाळणीच्या बोटाची डागडुजी मात्र विक्रेत्याने सांगितली नव्हती. ती घरी भिंगाखाली दिसली. चेहरेही, खरे सांगायचे तर, काहीसे बाहुलीसारखे आहेत.