क्लबच्या गाड्यांत फिरवलेला स्मार्ट चार्जर: लॉकडाऊनमधल्या वापरानंतरचा अनुभव

12 आणि 6 व्होल्ट दोन्हीवर चालणारा, 4 अँपिअरचा, गाडीची बॅटरी भरत आली की आपणहून व्होल्टेज बदलणारा स्मार्ट चार्जर. किंमत तेव्हा तीन हजारांच्या आसपास. जून 2020 मध्ये निर्बंध थोडे सैल झाले तेव्हापासून पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत सातारा-वाई भागातल्या जुन्या गाड्यांच्या आमच्या छोट्या क्लबात हा एकच चार्जर आळीपाळीने घरोघरी फिरला. क्लबात पद्मिनी आणि ॲम्बेसेडर जास्त, जोडीला मॉरिस मायनर आणि विलीज जीप. रविवारचं एकत्र जमणं बंद, रॅली बंद, ऑगस्टअखेरपर्यंत ई-पासशिवाय जिल्ह्याबाहेर पडता येत नव्हतं. त्या काळात क्लबाला करण्यासारखं काम एकच होतं: उभ्या गाड्या खराब होऊ द्यायच्या नाहीत. त्यात या चार्जरचा वाटा मोठा आहे, पण डब्यावर लिहिलंय तसा 'कायम लावून ठेवा' हा सल्ला आपल्या हवेत चालत नाही, हे आधीच सांगतो.

चार्जर घ्यायची वेळ का आली, ते गणित समजून घेण्यासारखं आहे. लॉकडाऊन लागल्याबरोबर जो तो सांगू लागला की आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवा. नव्या गाडीला तेही एक वेळ चालून जाईल. डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) असलेल्या जुन्या गाडीला हा सल्ला घातक आहे. आयडलिंगला डायनामो इतका हळू फिरतो की कट-आऊट, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, लागतच नाही. इग्निशनचा लाल दिवा मिणमिणत राहतो तो त्यामुळेच. म्हणजे चार्जिंग शून्य, आणि प्लगच्या ठिणगीसाठीची कॉईल मात्र 3 ते 4 अँपिअर खात राहते. दहा मिनिटांत साधारण अर्धा अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) तिथेच गेला. त्याआधी, गाडी उभी असताना कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. मेकॅनिकल पंपाने बाऊल भरेपर्यंत स्टार्टर वीस-तीस सेकंद मारावा लागतो. दीडशे अँपिअरने तीस सेकंद म्हणजे सव्वा अँपिअर-अवर. पद्मिनीची बॅटरी 35 ते 45 अँपिअर-अवरची. दोन महिने हा 'व्यायाम' केला की बारा-चौदा अँपिअर-अवर असेच जातात. त्यात बॅटरी नुसती ठेवल्यानेही उतरते, उन्हाळ्यात महिन्याला दहा टक्क्यांच्या घरात; तेही धरलं की बॅटरी अर्ध्यावर येते. अर्ध्यावर आलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्वीसारखी होत नाही.

नुसत्या आयडलिंगचा दुसरा तोटा इंजिनाला आणि सायलेन्सरला होतो. इंजिन पुरतं तापत नाही, जळालेल्या पेट्रोलचं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून कुजतो. ऑईल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की ओळखावं, क्रँककेसमध्ये पाणी गेलंय.

म्हणून ठरवलं की गाड्या उगाच चालू करायच्या नाहीत, चार्जर फिरवायचा. प्रत्येक गाडीला तीन आठवड्यांतून एक रात्र. अर्धी उतरलेली 40 अँपिअर-अवरची बॅटरी 4 अँपिअरने भरायला पाच तास लागतात असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात शेवटचा टप्पा संथ असतो आणि थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून सात ते नऊ तास धरायचे. संध्याकाळी लावला की सकाळी काम झालेलं असतं.

यात सगळ्यात उपयोगी पडली ती चार्जरसोबत आलेली रिंगवाली छोटी वायर. तिच्या जास्तीच्या वायरी मागवल्या आणि प्रत्येक बॅटरीला एकेक कायमची बसवली. पॉझिटिव्हच्या वायरीत टर्मिनलपासून एका वितीच्या आत 7.5 अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूजशिवायची वायर बॉनेटच्या कडेला घासली तर आग लागू शकते. कनेक्टर ग्रिलच्या मागे बांधून ठेवला की बॉनेटही उघडावं लागत नाही. चार्जर आणणाऱ्याने तो ओसरीवर ठेवायचा, गाडीवाल्याने उचलून लावायचा, दोघांनी समोरासमोर यायची गरजच नाही. क्लिपा मात्र निकृष्ट आहेत. स्प्रिंग ढिली पडते, दात टर्मिनलच्या शिशात नीट रुतत नाहीत, आणि सैल क्लिपमधून ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी हा गंभीर विषय आहे. काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद, मग कनेक्टर.

सॅनिटायझरबद्दल इथेच सांगतो. हातोहात फिरणारी वस्तू म्हणून लोक तिच्यावर सर्रास सॅनिटायझर मारत होते. चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीजवळ अल्कोहोलचा फवारा नको. जुन्या गाडीच्या आतही नको: मीटरच्या ॲक्रिलिक काचेला बारीक तडे जातात, जुन्या लॅकर रंगाची चमक जाते. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि त्यावर कोरडं फडकं, इतकं स्टिअरिंग, दाराची कडी आणि चार्जर या सगळ्यांना पुरतं.

आता चार्जरच्या वागण्याकडे वळू. तो 14.4 व्होल्टपर्यंत चढतो, तिथे थांबतो, मग 13.6 वर उतरून बसतो. हे आकडे 25 अंशांसाठी बरोबर आहेत. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला गेला की 12 व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे साधारण 0.02 व्होल्ट कमी द्यायला हवेत, म्हणजे 13.6 च्या जागी 13.3. या चार्जरला तापमान कळत नाही. महिनाभर लावून ठेवला तर बॅटरी सतत किंचित उकळत राहते आणि पाणी झपाट्याने उतरतं. एक रात्र लावून काढण्याची पद्धत त्यासाठीच. तरी उन्हाळ्यात दर महिन्याला सेल उघडून बघायचे. पाणी प्लेटच्या वर 10 ते 15 मिलिमीटर हवं. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी घातलं तर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड झाकणातून बाहेर येतं. प्लेटच उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी घालायचं.

हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी चांगली, असं धरू नये. सल्फेट बसलेली बॅटरी करंट घेतच नाही, तिचा व्होल्टेज लगेच 14.4 ला पोचतो आणि तासाभरात 'फुल'चा दिवा लागतो. उतरलेली बॅटरी तासाभरात भरली असं दिसलं तर आनंद मानू नका, ते वाईट लक्षण आहे. खात्री मल्टिमीटरने करायची. चार्जर काढून काही तास गेल्यावर 12.6 ते 12.7 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. मग स्टार्टर मारताना मीटर बघायचा; 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर असेल तर आणखी चांगलं. भरलेल्या बॅटरीचे पाच सेल 1.240 दाखवताहेत आणि सहावा 1.200 वर अडकलाय, तर तो सेल गेला. कुठलाही चार्जर त्याला परत आणणार नाही.

पूर्ण मेलेली बॅटरी हा चार्जर ओळखतच नाही. काही व्होल्ट तरी शिल्लक असल्याशिवाय तो चार्जिंग सुरू करत नाही. उपाय सोपा आहे: त्याच व्होल्टेजची चांगली बॅटरी जंपरने समांतर जोडायची, चार्जर सुरू करायचा, दहा-पंधरा मिनिटांनी चांगली बॅटरी काढायची. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर हा प्रयोग करू नये.

खरी तक्रार लोडशेडिंगची. वीज जाऊन आली की हा चार्जर निवडलेला मोड विसरतो आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत नुसता बसून राहतो. रात्री दोनला पाच मिनिटं वीज गेली की सकाळी बॅटरी अर्धवट. आपल्याकडे विकायच्या वस्तूत ही उणीव राहायला नको होती. वीज आल्यावर आपणहून पुढे चालू होणारा चार्जर मिळत असेल तर दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी तोच घ्या.

विलीजसारख्या जुन्या 6 व्होल्टच्या जीपला लावताना मोड दोनदा तपासावा. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं, तिथे गोंधळ होतो. लाल क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला, यात बदल नाही. फक्त 'काळी क्लिप चेसिसला लावा' ही माहितीपत्रकातली सूचना या गाड्यांत पाळायची नाही, कारण तिथे चेसिस पॉझिटिव्ह आहे.

चार्जरइतकीच कामाची वस्तू तेव्हा अडीच-तीनशे रुपयांत मिळायची: बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर बसणारा पितळी कट-ऑफ स्विच. जुन्या वायरिंगचं इन्सुलेशन ठिसूळ झालेलं असतं, उंदीर त्यात भर घालतात. स्विचने जोडणी तोडली की गळती आणि शॉर्टसर्किट दोन्हींची काळजी मिटते. ज्यांना एकच वस्तू परवडते त्यांनी आधी हा घ्यावा. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, जोडणी घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

चार्जर लावला म्हणून गाडी सांभाळली गेली, असं होत नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. टायरमध्ये नेहमीपेक्षा 8-10 पीएसआय हवा जास्त, आणि दर पंधरवड्याला गाडी पाव चाक पुढे ढकलायची. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून नको. आत दमट राहून रंगाला फोड येतात आणि रेक्झिनवर बुरशी धरते. सुती कव्हर, त्यावर गळणाऱ्या शेडमध्ये अंतर ठेवून ताडपत्री. सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरचं नळकांडं जाळीने बंद केलं तर उंदरांची निम्मी वाट बंद होते. जाळी काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी भरलेली ठेवली तर आत ओलसर हवेला जागा उरत नाही. पंपाचा जुना रबरी डायफ्रॅम इथेनॉलने लवकर खराब होतो, तेव्हा एक जास्तीचा आणून ठेवावा. मुंबईतल्या कुर्ल्याहून किंवा पुण्यातल्या नाना पेठेतून माल यायला तेव्हा आठवडे लागत होते, म्हणून पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर, डायफ्रॅम आणि व्हील सिलिंडरचे रबर क्लबाने एकत्र मागवले. पार्सलाचा खर्च वाटला गेला आणि कुणाचं काम अडलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी गाडी चालू करताना घाई नको. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा चमचा इंजिन ऑईल, दोन तास थांबायचं. कॉईलची जाड वायर काढून अर्थला टेकवायची आणि ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. ॲम्बेसेडरला हँडल असेल तर आधी हाताने फिरवून बघावं, इंजिन मोकळं आहे का ते लगेच कळतं. पॉइंटवर बारीक ऑक्साइड धरलेला असतो. बारीक पॉलिश पेपर, मग ॲम्बेसेडर-मॉरिसला 0.38 मिलिमीटर गॅप. गॅप मोजणाऱ्या फीलर गेजची पाती आत अडकत-सरकत कशी हवी, हे व्हिडिओ कॉलवर चांगलं दाखवता आलं. क्लबातल्या अनेकांनी पॉइंट स्वतः लावायला तेव्हाच सुरुवात केली. फ्लोट बाऊलमध्ये सिरिंजने 25-30 मिली पेट्रोल घातलं की स्टार्टरचा त्रास वाचतो. हलण्याआधी ब्रेक पेडल तपासायचं, आणि निघालात की वीस-पंचवीस किलोमीटर एका दमात. त्याहून कमी पल्ल्यासाठी जुनी गाडी बाहेर काढू नये.

कागदपत्रांचं: 1 फेब्रुवारी 2020 नंतर मुदत संपलेली आरसी, फिटनेस आणि लायसन्स यांना केंद्राने 2021 पर्यंत वेळोवेळी मुदतवाढ दिली होती, पण तिच्यावर विसंबून विम्याकडे दुर्लक्ष करून चालत नव्हतं. विम्याला मिळालेली सवलत फार थोड्या दिवसांची होती. उभ्या गाडीलाही आगीचा आणि चोरीचा विमा लागतो.

नवा चार्जर घेताना बघायचं ते असं: वीज आल्यावर आपणहून चालू होणारा, 6 व्होल्टची सोय असलेला, तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा मिळाला तर उत्तमच, आणि रिंगच्या वायरी सुट्या मिळणारा. 35 ते 60 अँपिअर-अवरच्या पेट्रोल गाड्यांना 4 अँपिअर पुरतात. डिझेल ॲम्बेसेडरच्या मोठ्या बॅटरीला 7-8 अँपिअरचा घ्या, नाहीतर एका रात्रीत ती भरत नाही आणि फिरतीचं वेळापत्रक कोलमडतं.