जुने घरगुती स्मोक डिटेक्टर: नेरुळच्या फ्लॅटमध्ये एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. घर आगीपासून वाचावं म्हणून कुणी जुना स्मोक डिटेक्टर शोधत असेल, तर शोधू नका. त्यासाठी नवा घ्या. पण लोक जुने रेडिओ जमवतात तसे हे जमवायचे असतील, भिंतीवर लावून चालवून बघायचे असतील, तर मजा आहे. भरपूर आहे. मी दिवाळीच्या सुमारास सुरुवात केली. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला, आणि आता घरच्यांनी या प्रकाराशी जुळवून घेतलंय असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे घराघरात डिटेक्टर लावायची पद्धत तेव्हा नव्हती, आजही फारशी नाही. त्यामुळे 'जुना घरगुती' म्हणून जे हाती लागतं ते बहुतेक अमेरिकेहून परत आलेल्या कुटुंबांच्या सामानातलं. पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये किंवा ठाण्याला घोडबंदर रोडवर एखादं घर आवरायला काढतात, तेव्हा टोस्टर आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यात तळाशी एखादा पिवळट गोल डबा निघतो. घरच्यांनाही तो काय आहे ते धड आठवत नसतं. तुर्भे एमआयडीसीच्या भंगारात ढिगाने दिसतात ते मात्र ऑफिसांमधले: 24 व्होल्टवर चालणारे, पॅनेलला जोडायचे. त्यांना स्वतःचा भोंगा नसतो. घरी आणलेत तर नुसते बघत बसाल.

घरगुती डिटेक्टर दोन जातींचे. एक आयनीकरणाचा, दुसरा प्रकाशाचा. आयनीकरणाच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा बारीकसा तुकडा असतो. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधल्या हवेत आयन तयार करतात आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह चालू राहतो. धुराचे कण आत आले की आयन त्यांना चिकटतात, प्रवाह घटतो, भोंगा वाजतो. प्रकाशाच्या डिटेक्टरमध्ये एक काळोखी खोबण असते. दिव्याचा किरण एका दिशेला आणि डोळा भलतीकडे. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, थोडा डोळ्यावर पडतो, की झालं. अगदी जुन्या प्रकाशवाल्यांत खराखुरा फिलामेंटचा बल्ब असायचा. तो सतत पेटता ठेवायचा म्हणजे बॅटरी पुरत नाही, म्हणून ते थेट विजेवर चालत. एलईडी आल्यावर हे संकट टळलं.

माझ्या संग्रहात फक्त दुसरी जात आहे. पहिलीबद्दल लोक फार विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकन घरगुती डिटेक्टरमध्ये साधारण एक मायक्रोक्युरी, म्हणजे 37 हजार बेकरेल अमेरिशियम असतं. वजनात बोलायचं तर एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अल्फा कण कागदानेही अडतात, स्रोत धातूच्या पातळ थराखाली बंदिस्त असतो. त्यामुळे छताला लावलेला डिटेक्टर कुणाचं काही बिघडवत नाही. धोका आहे तो फोडण्यात, जाळण्यात आणि धूळ पोटात किंवा छातीत जाण्यात. आणि जुनं सामान जमवणाऱ्यांना नेमकी उघडून बघायचीच खाज असते. अमेरिकेत मिशिगनचा डेव्हिड हान नावाचा मुलगा 1990च्या दशकात डिटेक्टरमधलं अमेरिशियम काढून परसातल्या शेडमध्ये अणुभट्टी करायला निघाला होता. शेवटी सरकारला ती शेड मोडून किरणोत्सारी कचरा म्हणून न्यावी लागली. हे टोकाचं उदाहरण झालं, पण स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाला मी तरी भरवशाचा मानत नाही.

दुसरं म्हणजे कायदा. किरणोत्सारी स्रोत असलेली वस्तू भारतात आणायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हौसेखातर परदेशातून मागवलं आणि टपालाने आलं, असा हा विषय नाही. मंडळाचं मुख्यालय खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला आहे. इकडे वाशीत बीआरआयटी आहे, दवाखान्यांना आणि कारखान्यांना समस्थानिकं पुरवणारी अणुऊर्जा विभागाची संस्था. म्हणजे मी राहतो त्या भागात या विषयातली जाणकार माणसं भाजीच्या रांगेतही भेटू शकतात. तुमच्या घरात आधीपासूनच असा एखादा डिटेक्टर असेल तर तो उघडू नका, भंगारवाल्याला देऊ नका, मंडळाला विचारा. 2010मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-60 पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला. डिटेक्टरमधलं अमेरिशियम त्याच्या तुलनेत नगण्य आहे. तरी भंगाराच्या भट्टीत काय जातंय हे कुणी बघत नाही, एवढं त्यातून दिसतंच.

आणि हो, 'जुना झाला, आतलं अमेरिशियम संपलं असेल' हे जे विक्रेते सांगतात ते खोटं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 432 वर्षं आहे. त्याआधीच्या काही डिटेक्टरमध्ये रेडियम-226 असायचं, त्याचं सुमारे 1600. म्हातारं होतं ते बाकीचं सगळं: कपॅसिटर, भोंगा, संपर्काच्या पट्ट्या, धुळीने भरलेली खोबण. डिटेक्टर बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी बदला असं जे सांगतात ते यामुळे.

गंमत म्हणजे या यंत्राच्या जन्माला सिगारेट कारणीभूत आहे. स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर 1930च्या दशकात विषारी वायू ओळखणारं उपकरण करायला बसले होते. विषारी वायूने काटा हलेना, वैतागून सिगारेट पेटवली, तर तिच्या धुराने हलला. पुढे एर्न्स्ट मेली या दुसऱ्या स्विस माणसाने तो क्षीण संकेत भोंगा वाजवण्याइतका मोठा करून दाखवला. तरी ते सगळं कारखान्यांसाठी, महागडं. घरात परवडेल असा बॅटरीवरचा डिटेक्टर 1965मध्ये कोलोराडोच्या ड्वेन पिअरसॉल आणि स्टॅनली पीटरसन यांनी केला, आणि 1970च्या दशकात अमेरिकेत तो घरोघरी गेला. माझ्याकडचा सगळ्यात लाडका मात्र जेंटेक्सचा, प्रकाशाचा. ही कंपनी 1974मध्ये मिशिगनमध्ये स्मोक डिटेक्टर करण्यासाठीच निघाली. आज ती गाड्यांच्या आपोआप मंद होणाऱ्या आरशांसाठी ओळखली जाते. प्रकाश मोजायची विद्या एका धंद्यातून दुसऱ्यात गेली.

आता वापराचं. पहिली अडचण विजेची. थेट विजेवर चालणारे हे डिटेक्टर 120 व्होल्टचे. आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डाला थेट जोडलेत तर पहिला धूर त्यांच्यातूनच निघेल. लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो गुंईं करत राहतो आणि कोमट असतो, म्हणून हे डिटेक्टर मी चोवीस तास चालू ठेवत नाही. सुट्टीच्या दिवशी लावतो. बॅटरीवरच्यांचं सोपं, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी इथे कुठेही मिळते. फक्त अल्कलाइन घ्या. स्वस्तातली घेतलीत की लवकरच 'टुक्' सुरू होतं, मिनिटा-मिनिटाला एकदा, आणि हमखास पहाटे. पहाटे हवा गार होते, बॅटरीचा दाब किंचित उतरतो, आणि उंबरठ्यावर असलेली बॅटरी तेव्हाच ओरडते. काही फार जुन्या मॉडेलना विचित्र व्होल्टेजच्या बॅटऱ्या लागायच्या, त्या आता बनतच नाहीत. तसा डबा कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

छताला भोकं पाडायची नाहीत असा घरातून हुकूम होता. म्हणून प्लायवूडच्या पट्टीवर बसवून पट्टी पॅसेजच्या भिंतीवर वरती टांगली. भिंतीवर लावायचा तर छतापासून बारा इंचांच्या आत हवा, तेवढं पाळलंय.

ज्यासाठी हे सगळं करावं असा भाग म्हणजे आवाज. आजच्या डिटेक्टरमध्ये पिझो चकती, म्हणजे वीज दिली की थरथरणारी चकती असते, तिचा आवाज साधारण तीन हजार हर्ट्झचा, टिपेला गेलेला. माझ्याकडच्या एका जुन्यात खरा विद्युतचुंबकीय भोंगा आहे, थेट एसीवर थरथरणारा. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. त्यामुळे हा बुवा इथे येऊन आणखी खर्जात गेलाय. पहिल्यांदा वाजला तेव्हा खालून वॉचमन वर आला, लिफ्ट अडकली का विचारायला.

पण खरी गोष्ट वेगळीच. आमच्या बाबांना वयामुळे वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. मोबाइलची रिंगही जाड सुरातली ठेवावी लागते. नव्या डिटेक्टरचं चाचणीचं बटण मी त्यांच्या खोलीबाहेर दाबलं, दार बंद होतं, ते पेपर वाचत राहिले. जुना भोंगा लावला तर 'काय रे, काय झालं' म्हणत बाहेर. नियमाप्रमाणे दोन्ही तीन मीटरवर 85 डेसिबलचे, पण कान डेसिबलवर चालत नाही, पट्टीवर चालतो. हे काही माझंच निरीक्षण नाही. उतारवयातल्या आणि गाढ झोपेतल्या माणसांना 520 हर्ट्झचा आवाज चांगला जागं करतो हे तपासून झालंय, आणि अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत झोपायच्या काही खोल्यांसाठी तशी अटही आली आहे. घरात वयस्क माणूस असेल तर नवा डिटेक्टर घेतानाही आधी त्यांना ऐकवून बघा. दुकानदार कंटाळला तरी.

जुन्यांचा एक दोष असा की ते सलग वाजतात. तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन ठोके ही आजची खूण 1990च्या दशकात रुळली. सलग भोंगा आपल्या सोसायटीत कुणालाच आगीचा वाटत नाही. गाडीचा असेल, इन्व्हर्टरचा असेल, कुणाच्या तरी घरात काहीतरी चालू असेल.

स्वयंपाकघर. हिंग-मोहरीच्या फोडणीला प्रकाशाचा डिटेक्टर सहसा गप्प राहतो, कारण तापलेल्या तेलाचे कण फार बारीक असतात आणि प्रकाशवाल्याला जाड कण लवकर दिसतात. फोडणीला ओरडतो तो आयनीकरणाचा. मिरच्या भाजल्या किंवा भाकरी करपली की मात्र माझेही वाजतात. कुकरची वाफ थेट अंगावर आली तरी. उदबत्ती चालते, धूप चालत नाही. श्रावणात आईने धूपदाणी घेऊन घरभर फेरी मारली, आणि आरतीच्या मध्येच पॅसेजमधला सुरू झाला. आईने आरती थांबवली नाही, आवाज वाढवला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळे काढून ठेवतो, फटाक्यांच्या धुरात त्यांच्याकडून शहाणपणाची अपेक्षा नाही.

पावसाळ्याने मात्र हाल केले. खाडीकडून येणारी खारट दमट हवा बॅटरीच्या क्लिपा हिरव्या करते. बारीक किडे दिव्याच्या उजेडाला येतात आणि खोबणीत शिरतात. एक किडा आत फिरला तरी डिटेक्टरच्या लेखी तो धूरच. बाहेरून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, दर पंधरवड्याला. जुलैत एक, ज्याचं लेबल कधीच पुसलं गेलंय, तो रात्री विनाकारण वाजू लागला. साफ केल्यावर शांत झाला, पण इतका की पुढे उदबत्तीचा जुडगा खाली धरला तरी ढिम्म. हिवाळ्यात तोच व्यवस्थित चालायचा. चाचणीचं बटण दाबलं की अजूनही झकास वाजतो, आणि फसवणूक इथेच आहे. काही जुन्या मॉडेलमध्ये ते बटण फक्त बॅटरी आणि भोंगा तपासतं, धूर ओळखायचा भाग तपासतच नाही.

तेव्हा भरवसा कशावर? शेजारीच लावलेल्या नव्या प्रकाशाच्या डिटेक्टरवर. तो दिसायला कंटाळवाणा आहे, दोन हजारांच्या आत आला, आणि उदबत्तीच्या जुडग्याला प्रत्येक वेळी बोलला. 1970च्या दशकात अमेरिकेत घरांतल्या आगींच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांत पेटत्या आगीतून बाहेर पडायला सुमारे सतरा मिनिटं मिळत होती. 2004मधल्या चाचण्यांत ती तीनवर आली, कारण फोमचे सोफे आणि गाद्या झपाट्याने पेटतात. जुने डिटेक्टर त्या जुन्या सोफ्यांच्या काळातले आहेत. आमचा सोफा फोमचा आहे.

सोसायटीवाल्यांसाठी एक: 2006च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये जो फॉर्म बी, म्हणजे इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, त्याच्याशी तुमच्या भिंतीवरच्या या खेळण्याचा काही संबंध नाही. आमच्या सेक्रेटरींनी आशेने विचारलं होतं.

पिवळेपणाबद्दल. जुनं एबीएस प्लास्टिक उजेडाने पिवळं पडतं. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइडचं 12 टक्क्यांचं क्रीम मिळतं. हातमोजे घालून ते झाकणाला लावायचं, वर क्लिंग फिल्म, आणि मे महिन्यातली गच्ची. मी एका झाकणावर केलं, छान पांढरं झालं, आणि मला ते आवडलं नाही. उरलेले पिवळेच ठेवलेत. केलंत तर आतला भाग वेगळा काढून, आणि लेबलाला क्रीम लागू न देता.

लेबल सांभाळायचं कारण, या वस्तूची सगळी ओळख तिथेच असते: जात, व्होल्टेज, बनवल्याची तारीख. किंमत विचाराल तर ठरलेला भाव नाही. देणारा कधी फुकट देतो, कधी 'अँटिक' म्हणत हजार-दीड हजार मागतो. दीड हजार मी एकदाच दिले, जेंटेक्ससाठी, आणि पुन्हा देईन. पैसे देण्याआधी मागच्या लेबलाचा स्पष्ट फोटो मागवा. त्यावर तीन पाकळ्यांची किरणोत्साराची खूण, अमेरिशियम किंवा मायक्रोक्युरी असं काही दिसलं तर नको म्हणा. लेबल फाटलंय म्हणाला तरी नकोच.