आगबोटीच्या प्रवासी यादीची बनावट नक्कल: खानदेशातील कुटुंबांनी सावध राहावे

आपल्या घरातले कोणी एकेकाळी आगबोटीने विलायतेला गेले होते, ही आठवण खानदेशातल्या बऱ्याच कुटुंबांत आजही सांगितली जाते. कोणी बॅरिस्टर होण्यासाठी गेले, कोणी डॉक्टरीसाठी, तर कोणी कापडगिरण्यांचे तंत्र शिकण्यासाठी. त्या प्रवासाची जुनी नोंद शोधून देतो, असे सांगून पैसे उकळणारा एक इसम सध्या जळगाव आणि धुळे भागातल्या वंशावळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून वावरत आहे. त्याने आमच्या कुटुंबाला फसवले. ज्या प्रकारचा कागद त्याने आमच्या हाती दिला तसाच कागद इतरांनाही दिला जाण्याचा पुरेपूर संभव आहे, म्हणून सर्व तपशील येथे देत आहे.

माझ्या आजोबांचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, १९२४ साली अमळनेरहून मँचेस्टरला विणकामाचे शिक्षण घेण्यासाठी गेले आणि १९२७ मध्ये परत आले. प्रताप मिलमुळे अमळनेरात कापडधंद्याचे वातावरण होते आणि घरची कापसाची शेती होती, त्यामुळे या शिक्षणाची निवड सहज समजण्यासारखी आहे. नानांच्या प्रवासाच्या दोनच वस्तू आमच्याकडे उरल्या आहेत. एक त्यांची कातडी ट्रंक, जिच्या झाकणावर ‘प्रवासात लागणार नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी अर्धवट फाटलेल्या स्थितीत चिकटलेली आहे. अशी चिठ्ठी लावलेले सामान बोटीच्या तळच्या कोठारात जात असे. दुसरी वस्तू म्हणजे मार्सेलिस येथून आपल्या वडिलांना पाठवलेले, फ्रेंच तिकीट असलेले एक कार्ड. नाना कोणत्या बोटीने गेले हे माझ्या वडिलांना जाणून घ्यायचे होते. त्यांचे वय पाहता हे काम लवकर व्हावे, अशी आम्हा सर्वांचीच इच्छा होती.

गटावर वडिलांनी केलेली विचारणा वाचून या इसमाने स्वतःहून संपर्क साधला. लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आपला माणूस बसतो, असे त्याने सांगितले. वडिलांना तो पहिल्या दिवसापासून ‘आबा’ म्हणू लागला आणि नानांच्या शिक्षणाची, गावाची, भावकीची आस्थेने चौकशी करू लागला. प्रारंभी त्याने एका जुन्या प्रवासी यादीचे छायाचित्र विनामूल्य पाठवले. ते छायाचित्र खरे होते, परंतु त्याचा नानांशी काहीही संबंध नव्हता. त्यानंतर शोधकार्याचे ५,००० रुपये, नोंद सापडल्याचे कळवून ‘प्रमाणीकरणाचे’ ७,५०० रुपये आणि शेवटी कुरिअर व जकातीचे ६,००० रुपये, असे एकूण १८,५०० रुपये त्याने यूपीआयद्वारे घेतले. प्रत्येक वेळी रक्कम वेगळ्याच नावाच्या खात्यात भरावयास सांगितली गेली. शोध घेण्यासाठी उपयोग होईल, या सबबीखाली त्याने घरातल्या जुन्या कागदांची आणि नानांच्या छायाचित्रांची तपशीलवार माहितीही काढून घेतली होती.

आलेला कागद जाड, पिवळसर आणि कडा मुद्दाम जीर्ण केलेला होता. खाली लाल लाखेसारखी मोहोर आणि दोन गोल शिक्के होते. वर वर्ष १९२४, बोटीचे नाव ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’, आणि मधल्या ओळीत नानांचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जात, गाव, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव, अशी सुबक हस्ताक्षरातली नोंद होती. वडिलांनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या क्षणाची आठवण झाली की या इसमाने घेतलेल्या पैशांपेक्षा त्याने केलेल्या या कृत्याची चीड अधिक येते.

कागद खोटा असल्याची पहिली खूण जिल्ह्याच्या नावात होती. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. अमळनेर पूर्व खानदेशात होते आणि ‘जळगाव जिल्हा’ हे नाव १९६० मध्ये आले. म्हणजे १९२४ सालच्या कोणत्याही दप्तरात हे नाव असणे शक्य नाही. (नंदुरबारच्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की त्यांचा जिल्हा १९९८ सालचा आहे.) दुसरी खूण बोटीची होती. पी अँड ओ कंपनीची व्हाइसरॉय ऑफ इंडिया १९२८ मध्ये पाण्यात उतरली आणि तिची पहिली सफर १९२९ मध्ये झाली. नाना परत येऊन दोन वर्षे झाल्यावर जी बोट प्रथम धावली, तिने ते १९२४ मध्ये गेले, असे तो कागद सांगत होता.

तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण जे कागद वर्ष आणि बोट यांच्या बाबतीत अधिक सावधगिरीने बनवले जातील, त्यांनाही ती लागू पडेल. तिकीट काढून विलायतेला जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या बोटीच्या कंपनीने भरून ब्रिटिश व्यापार मंडळाला, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याला, द्यायच्या असत. त्यांत तिकिटाचा क्रमांक, नाव, चढण्याचे बंदर, वर्ग, वय, व्यवसाय, शेवटचा कायम वास्तव्याचा देश आणि विलायतेतला पत्ता असे रकाने असत. वडिलांचे नाव, जात आणि मूळ गाव यांचे रकाने त्यांत नसत. असे रकाने गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या, मजुरांच्या नोंदींत असत. मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या अशा नोंदी तेथील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. बनावट कागद करणाऱ्याने मजुरांच्या नोंदींचा साचा घेऊन त्यावर विलायतेच्या बोटीचे नाव घातले होते. ज्या माहितीसाठी कुटुंबे आसुसलेली असतात, नेमकी तीच माहिती त्या साच्यात असते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

खऱ्या याद्या क्यू येथे दोन मालिकांत आहेत. बीटी २६ या मालिकेत १८७८ ते १९६० या काळात ब्रिटनला आलेल्या, तर बीटी २७ मध्ये १८९० ते १९६० या काळात ब्रिटन सोडून गेलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. १८९० पूर्वीच्या याद्या फारच थोड्या शिल्लक आहेत. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बीटी २६ मध्ये केवळ युरोप आणि भूमध्य समुद्र यांच्या बाहेरच्या बंदरांतून निघालेल्या बोटींच्या याद्या आहेत. मुंबईहून सुटलेली टपाल बोट मार्सेलिसला थांबत असे. सावरकरांनी १९१० साली मोरिया बोटीतून समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. वेळ वाचवण्यासाठी अनेक प्रवासी येथे उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडत आणि इंग्लिश खाडीपलीकडे लहान बोटीने इंग्लंडला पोहोचत. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी राजपुताना बोटीतून मार्सेलिसलाच उतरले आणि पुढे रेल्वेने गेले. अशा प्रवाशांची नावे लंडनला पोहोचलेल्या बोटीच्या यादीत सापडण्याची अपेक्षाच करू नये. आमच्याकडचे मार्सेलिसचे कार्ड नानांनी हाच मार्ग घेतल्याचे सुचवते, आणि म्हणूनच त्यांची लंडनला उतरल्याची ‘प्रमाणित नोंद’ मिळाल्याचा दावा मुळातच संशयास्पद होता.

नानांची खरी नोंद पुढे परतीच्या यादीत, म्हणजे बीटी २७ मध्ये सापडली. ती शोधण्यास वेळ लागला, कारण कारकुनाने नानांच्या वडिलांचे नाव आडनावाच्या जागी लिहिले होते आणि सूचीकाराने त्यातलेही एक अक्षर चुकीचे वाचले होते. मराठी नावे शोधताना आडनाव, वडिलांचे नाव आणि केवळ आद्याक्षरे या तिन्ही प्रकारे शोध घ्यावा, आणि तरीही न सापडल्यास नाव सोडून वय, व्यवसाय व वर्ष यांवरून पाहावे. १९२२ नंतरच्या याद्यांत विलायतेतला पत्ता अधिक तपशिलाने मिळतो. नानांच्या नावापुढे मँचेस्टरमधल्या एका रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक आहे. गावाचे नाव नाही, जात नाही, वडिलांचा वेगळा उल्लेख नाही. व्यवसायाच्या रकान्यात फक्त ‘विद्यार्थी’ एवढेच लिहिले आहे. माझ्या वडिलांचे त्यावर समाधान झाले.

हे काम कोणालाही मध्यस्थाविना करता येते. जाणाऱ्यांच्या याद्या फाइंडमायपास्ट आणि येणाऱ्यांच्या अ‍ॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. क्यू येथील वाचनालयात प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत, वाचकपत्र विनामूल्य मिळते आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्यासही शुल्क नाही. प्रमाणित नक्कल हवी असल्यास ती अभिलेखागाराकडूनच थेट मागवावी. कोणी मध्यस्थ नोंद सापडल्याचे सांगत असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून मालिकेचा व खोक्याचा संपूर्ण क्रमांक, बोटीचे नाव आणि बंदरात पोहोचल्याची तारीख लेखी मागावी. आमच्या प्रकरणात क्रमांक मागितल्यावर ‘तो गोपनीय असतो’ असे उत्तर मिळाले. अभिलेखागाराचे क्रमांक सूचीत सर्वांसाठी खुले असतात.

शेवटी या इसमाने आणखी एक आमिष दाखवले. या कागदाच्या आधारे नातवंडांना ब्रिटिश नागरिकत्व मिळवून देतो, असे सांगून त्याने घरातल्या सर्वांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती मागितल्या. शंभर वर्षांपूर्वी शिक्षणासाठी गेलेल्या चुलत आजोबांच्या प्रवासावरून असा कोणताही हक्क मिळत नाही. त्या प्रती आम्ही दिल्या नाहीत. ज्यांनी दिल्या असतील त्यांनी आधारचे बायोमेट्रिक ताबडतोब बंद करून ठेवावे आणि बँकेला लेखी कळवावे.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर नोंद करून नंतर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३३६ खाली, म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबद्दल, तक्रार दिली आहे. पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर या क्रमांकावर कळवावे तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. लाल मोहोर, दोन गोल शिक्के आणि जातीचा रकाना असलेला विलायतेच्या बोटीचा असा कागद कोणाकडे आला असल्यास तो फाडू नये. पाकिटासह, व्यवहाराच्या पावत्या आणि संभाषणाच्या छायाप्रती जोडून तो आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करावा.