डेंटल कॉलेजातली कवळी: पैसे कमी, फेऱ्या सहा

नाशिकमध्ये पूर्ण कवळी बसवायची तर गंगापूर रोड, कॉलेज रोडला खासगी दवाखाने भरपूर आहेत. दुसरी सोय डेंटल कॉलेजच्या ओपीडीची. तिथे बीडीएसच्या (दंतवैद्यकीच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी किंवा इंटर्न सर-मॅडमच्या देखरेखीखाली कवळी करून देतात. हे परीक्षण त्या सोयीचं. निकाल आधीच सांगून टाकतो: वरची कवळी बिनधास्त करून घ्या, खालचीसाठी जरा चौकशी करा, आणि सहा वेळा यायला जमणार नसेल तर केसपेपरच काढू नका.

खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, कारण तुमच्याइतकीच गरज समोरच्या विद्यार्थ्यालाही असते. त्याला ठरलेल्या संख्येइतक्या कवळ्या पूर्ण कराव्या लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकांची सही घ्यावी लागते. सही नाही तर पुढचं काम नाही. त्यामुळे खासगीत अर्ध्या तासात उरकणारं माप इथे अख्खी सकाळ खातं. पण बिघडलेलं माप सर पुन्हा घ्यायला लावतात, आणि तेच आपल्या फायद्याचं.

दात काढून निदान सहा ते आठ आठवडे झालेले असावेत. हिरडी भरायच्या आत घेतलेलं माप महिनाभरात खोटं ठरतं. पहिल्या फेरीत तपासणी आणि प्राथमिक माप होतं. हिरडीत मुळाचा तुकडा राहिल्याची शंका असेल तर एक्स-रे आधी. दुसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या मापाचा खास ट्रे (माप घ्यायची ताटली) बनवून त्याच्या कडांना हिरव्या कांडीचं, उष्णतेने मऊ होणारं कंपाउंड गरम करून लावतात आणि थोडा-थोडा भाग करत गाल ओढून, जीभ हलवून कडा घडवतात. मग झिंक ऑक्साइड युजेनॉलच्या पेस्टचं पातळ माप. तिला लवंगेचा वास येतो, थोडं चुरचुरतं, ओठांना चिकटते; आधी व्हॅसलिन लावायला सांगा. कडा लांब राहिली तर गिळताना कवळी उचलली जाते आणि जखम होते. आखूड राहिली तर हवा शिरून वरची कवळी गळून पडते. इथे कोणी घाई करताना दिसलं तर सर बघून गेले का, एवढंच विचारा.

तिसऱ्या फेरीत मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून दोन जबड्यांमधली उंची ठरते. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर ठिपका देतात, तोंड सैल सोडल्यावर अंतर मोजतात आणि त्यातून 2 ते 4 मिलिमीटर कमी करतात. नवख्या हाताची चूक इथेच होते. उंची जास्त झाली की बोलताना दात खटखट वाजतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो. कमी झाली की चेहरा आक्रसतो, ओठांचे कोपरे चिरतात. माप घेताना दात दाबून बसू नका, सैल बसा.

चौथ्या फेरीत मेणात बसवलेले दात घालून बघायला मिळतात. बदल करून घ्यायची ही शेवटची संधी. घरचं माणूस आणि दात असतानाचा एखादा जुना फोटो सोबत न्या. साठ ते सत्तर मोठ्याने मोजा. ‘स’ म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागले तर उंची जास्त आहे. रंग उजेडात, खिडकीपाशी बघा. पांढरेशुभ्र दात मागायचा मोह आवरा, साठीच्या चेहऱ्यावर ते लगेच ओळखू येतात.

मग काम लॅबमध्ये जातं. मेण वितळवून त्या जागी अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, भरतात आणि पाण्यात साधारण 74 अंशांवर सावकाश शिजवतात. त्यातला मोनोमर, म्हणजे पावडरीत कालवलेला द्रव, 100.8 अंशांना उकळतो. म्हणून पाणी घाईने तापवलं की जाड भागात बुडबुडे राहतात आणि कवळी तिथूनच तडकते. साचा गरम असतानाच उघडला तर ती वाकते. हातात आल्यावर उजेडात धरून बघा. आत सुईच्या टोकासारखी छिद्रं दिसली तर परत द्या, संकोच नको.

पाचव्या फेरीला कवळी मिळते. सहावी दुसऱ्याच दिवशी, आणि नेमकी तीच लोक चुकवतात. टोचतं म्हणून कवळी काढून डबीत घालून आणली तर लाल डाग मावळतो आणि घासायचं कुठे ते कळत नाही. येण्याआधी काही तास घालूनच राहा. घरी कानशीने घासणारेही असतात. त्यांना कोणतंच कॉलेज वाचवू शकत नाही.

पहिला आठवडा खिचडी, मऊ भात, दूध-भाकरी. चावताना घास दोन्ही बाजूंना ठेवा. मिसळ नंतर, फरसाणाचा कण कवळीखाली गेला की तोंडात खडा आल्यासारखं होतं. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, टूथपेस्टऐवजी साबण आणि मऊ ब्रश वापरा, रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात कधीच नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे पोस्टिंग. विद्यार्थ्याची पाळी संपली की अर्धवट केस दुसऱ्याकडे जाते. पहिल्याच दिवशी पोस्टिंग कधी संपतं ते विचारा आणि त्याआधीच्या तारखा मागा. परीक्षेच्या दिवसांत नवी केस सुरू करू नका. निफाड-दिंडोरीकडच्यांनी द्राक्षकाढणी उरकूनच यावं, कारण मध्ये महिना गेला की माप पुन्हा घ्यावं लागू शकतं.

खालच्या कवळीचं दुखणं वेगळं. तिला टेकायला वरच्यापेक्षा जवळपास निम्मीच जागा असते, शिवाय जीभ तिला सतत ढकलते. खालचं हाड झिजतंही वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. हिरडी सपाट झाली असेल तर प्रोस्थो विभागात (कवळ्या, कृत्रिम दात करणाऱ्या विभागात) एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पदवी, करणाऱ्या पीजी डॉक्टरकडे केस द्या, असं पहिल्याच दिवशी सांगा. काउंटरवर पैसे भरताना नंतरचं घासून देणं आणि सैल झाल्यावर आतून नवा थर बसवणं त्यात धरलंय का, तेही विचारून घ्या.