लाल उजेडात सोडलेला पिस्तूल झिंगा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एका विक्रेत्याकडून याशा गोबी हा मासा आणि कँडी पिस्तूल झिंगा अशी ‘जमलेली जोडी’ ८,५०० रुपये आगाऊ भरून मागवली. मासा खरा निघाला आणि झिंगा खोटा. मात्र हे कळायला मला तब्बल तेवीस दिवस लागले. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा मला सहा वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे नवखेपणामुळे फसलो असे म्हणण्याचीही सोय नाही. या प्राण्याबद्दल मी जे वाचले होते आणि जे खरेही होते, नेमक्या त्याच माहितीचा आधार घेऊन मला फसवण्यात आले, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

ज्यांना ही जोडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्तूल झिंगा वाळूत बीळ खणतो, पण त्याची नजर फारच अधू असते. गोबी मासा त्याच बिळाच्या तोंडाशी राखणीला बसतो. झिंगा वाळूचे ढिगारे बाहेर ढकलताना आपली एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवतो आणि धोका दिसताच मासा शेपटी थरथरवतो, की दोघेही आत. याशा गोबीला शास्त्रीय नाव मिळाले ते २००१ साली, आणि ते त्याच्या जपानी नावावरून आलेले आहे. जपानी भाषेतला ‘याशा’ म्हणजे आपला यक्ष. दारावर बसून ठेवा राखणाऱ्या या चिमुकल्या माशाला याहून चपखल नाव सुचले नसते, असे मला वाटते. पांढऱ्या अंगावर केशरी-तांबडे पट्टे असलेला हा मासा बोटाएवढा असतो, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कँडी झिंगा त्याहूनही लहान.

या जोडीसाठी मी दोन महिने तयारी केली होती. दोन फुटी टाकीतले सगळे खडक काढून ते वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवले, कारण झिंग्याने खालून वाळू उपसली तर वाळूवर टेकलेला खडक घसरून बिळासकट दोघांना चिरडू शकतो. बारीक वाळूत प्रवाळाचा भरड चुरा मिसळून तीन इंचांचा थर दिला, म्हणजे बिळाचे छत ढासळत नाही. गोबी घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे वरून जाळी बसवली. एवढे सगळे करून बसलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून किती उतावीळ असतो, हे विक्रेत्यांना चांगलेच माहीत असते.

हा विक्रेता मला छंदातल्याच एका ओळखीतून मिळाला. त्याचे दुकान नव्हते. घरून व्यवहार चालत असे आणि माल खासगी बसच्या पार्सलने येत असे, जे आपल्याकडे या छंदात सर्रास चालते. त्याने मला अठरा सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात बिळाच्या तोंडाशी याशा बसलेला होता आणि पट्टेदार झिंगा आपला मोठा आकडा, म्हणजे नांगी, पुढे करून खडीचा तुकडा बाहेर आणत होता. “सर, कालच काढलाय. एकदम जमलेली जोडी आहे, सुटी देत नाही,” असे त्याने लिहिले होते. सुटा गोबी आणि सुटा झिंगा घेतला असता तर मिळून सहा हजारांच्या आसपास पडले असते. वरचे अडीच हजार मी त्या ‘जमलेली’ या एका शब्दासाठी मोजले. सौदा ठरताच त्याने नियम कळवले. प्राणी मेलेला पोचला तरच भरपाई, आणि तीही पिशवी न उघडता काढलेला व्हिडिओ दोन तासांच्या आत पाठवला तर. रास्त वाटले. अशीच अट बहुतेक सगळे घालतात.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पुण्यात बसथांब्यावरून थर्माकोलचा डबा उचलला. घरी पोचेपर्यंत विक्रेत्याच्या आस्थेवाईक सूचना येऊन पडलेल्या होत्या: टाकीचे दिवे बंद ठेवा, खोलीत अंधार करा, प्रवासाने प्राणी दमलेले असतात, तेव्हा फक्त लाल उजेडाची बॅटरी वापरा, पाणी थेंबथेंब मिसळा आणि शक्य तितक्या लवकर सोडून द्या. यातली एकही सूचना चुकीची नव्हती. कवचधारी प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही असे मानतात आणि जाणकारही हेच सुचवतात. मी बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावला, नियमाप्रमाणे पिशव्यांचा व्हिडिओ काढला आणि तासाभराने दोघांना सोडले.

आता यातली मेख पाहा. लाल उजेडात पांढरा रंग लाल दिसतो आणि लाल रंगही लालच दिसतो, त्यामुळे लाल-पांढरे पट्टे असलेला झिंगा आणि एकही पट्टा नसलेला झिंगा यांत डोळ्यांना फरक उरत नाही. कँडी झिंग्याची सगळी ओळख त्या पट्ट्यांत असते आणि नेमकी तीच ओळख पुसून टाकणाऱ्या उजेडात मी माल ताब्यात घेतला, तोही प्राण्याच्या भल्यासाठी आपण केवढे दक्ष आहोत अशा समाधानात. झिंगा डब्यातून बाहेर पडला आणि पाच सेकंदांत खडकाखाली दिसेनासा झाला. त्यानंतर तो दिसला नाही याचे मला आश्चर्य वाटले नाही, कारण पिस्तूल झिंगा आठवडे-आठवडे दिसत नाही हेही मी वाचलेले होते.

पहिल्या आठवड्यात याशा टाकीच्या एका कोपऱ्यात, पंपाच्या आडोशाला तरंगत राहिला. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “प्रवासात जोडी तुटते सर, वेळ द्या, परत जमेल.” दुसऱ्या आठवड्यात रात्री काच तडकावी तसा टक् असा आवाज येऊ लागला आणि मी पहिल्यांदा टाकीच तपासली. विक्रेत्याला कळवले तर तो खूश झाला. “आवाज येतोय ना? मग झिंगा मस्त आहे, काळजी सोडा.” हेही खरेच होते. मोठा आकडा झपकन मिटला की पाण्याचा वेगवान झोत सुटतो, त्यातून बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा फुटण्याचा हा आवाज असतो. आकड्याची दोन पाती एकमेकांवर आपटल्याचा नव्हे, हे २००० साली संशोधकांनी दाखवून दिले आहे. पण असा आवाज करणाऱ्या या कुळात सहाशेहून अधिक जाती आहेत आणि गोबीशी संसार थाटणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. बाकीच्या खडकांच्या कपारींत, स्पंजांत, एकएकट्या किंवा आपल्याच जातीच्या जोडीदारासोबत राहतात. आवाजावरून पिस्तूल झिंगा आहे एवढे कळते. कोणता, ते कळत नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी खडकासमोर झिंग्याची टाकलेली कात पडलेली दिसली. चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवली आणि मोठ्या आकड्याचा पोकळ साचा बघत असताना मला विक्रेत्याचा व्हिडिओ आठवला. व्हिडिओतल्या झिंग्याचा मोठा आकडा उजवीकडे होता. बशीतल्या कातीचा डावीकडे. पालथे धरले तर डावे-उजवे उलटते, म्हणून पाठ वर आणि डोके पुढे असे मांडून तीनदा खात्री केली. मग पिशव्यांचा मीच काढलेला लाल उजेडातला व्हिडिओ उघडला. रंग काही कळत नव्हते, पण आकार स्पष्ट होता: पोचला त्या दिवशीही पूर्ण वाढलेला मोठा आकडा डावीकडेच होता. भरपाई टाळण्यासाठी घातलेल्या त्याच्याच अटीने माझ्या हातात पुरावा दिला होता. त्या रात्री खडकाच्या तोंडाशी खाद्याची गोळी ठेवून मी साध्या पांढऱ्या बॅटरीसह दबा धरून बसलो आणि अखेर झिंगा बाहेर आला. शेवाळी-तपकिरी रंग, अंगावर एकही पट्टा नाही, आणि अंगाच्या मानाने भलामोठा आकडा. आयात केलेल्या ‘जिवंत’, म्हणजे समुद्री जीवांसकट आणलेल्या, खडकाच्या भोकांत लपून फुकट येणारे असे झिंगे विक्रेते एरवी उपद्रवी म्हणून बादलीत काढून टाकतात. माझ्या टाकीतले दोन लहान शंखखेकडे दरम्यान नाहीसे झाले होते. ते यानेच खाल्ले असे मी सिद्ध करू शकत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिले उत्तर असे आले की प्रवासाच्या ताणाने रंग उतरतो. आकड्याचा मुद्दा काढल्यावर त्याने मला शास्त्र शिकवले: पिस्तूल झिंग्याचा मोठा आकडा तुटला तर दुसऱ्या बाजूचा लहान आकडा वाढून मोठा होतो आणि तुटल्या जागी लहान उगवतो. ही गोष्टही शंभर टक्के खरी आहे, आणि क्षणभर मी वरमलोदेखील. पण ही अदलाबदल कात टाकण्याच्या वेळी होते, चार दिवसांच्या आत आणि बसच्या डिकीत होत नाही. हे लिहिल्यावर तो म्हणाला की मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात डावे-उजवे उलटते. मी व्हिडिओ पुन्हा थांबवून-थांबवून पाहिला. मागे उभ्या असलेल्या हीटरवरची अक्षरे आणि अंक सरळ वाचता येत होते. चित्र उलटे असते तर तीही उलटी दिसली असती. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, तेव्हा सूर बदलला. “तक्रार करायची तर करा, पण मग तुमच्या टाकीत काय काय आहे तेही वनखात्याला बघू दे.”

या वाक्याचा परिणाम किती खोल होतो, हे छंदाबाहेरच्या माणसाला समजणार नाही. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि आपल्यापैकी अनेकांना आपल्या टाकीतला एखादा तुकडा कुठून आला याची पावती दाखवता येणार नाही. माझ्या टाकीत दगडी प्रवाळ नाहीत, मऊ जातीचेच आहेत. तरीही मी दोन दिवस गप्प बसलो. या दोन दिवसांची लाज मला साडेआठ हजारांपेक्षा जास्त वाटते. अशी गप्प बसलेली माणसे आणखी असणार हे गृहीत धरूनच हा धंदा चालतो. तिसऱ्या दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “साडेआठ हजारांत एकच कोळंबी?” मासाही होता, असे मी सांगितले. मी पैसे पाठवले ते खाते विक्रेत्याच्या नावावर नव्हतेच, आणि पैसे भरताना मी ते नाव वाचलेही नव्हते. पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

आता मी असा प्राणी मागवताना विक्रेत्याकडून त्याच दिवशीचा व्हिडिओ मागतो, ज्यात पांढऱ्या उजेडात, पारदर्शक डब्यात झिंगा दिसतो आणि शेजारी माझे नाव व तारीख लिहिलेला कागद असतो. मोठा आकडा कोणत्या बाजूला आहे हे लिहून घेतो, कारण ते ठशासारखे उपयोगी पडते. पिशवी आली की सोडण्यापूर्वी दोन मिनिटे साध्या उजेडात पाहतो. त्या दोन मिनिटांनी माझा एकही प्राणी दगावलेला नाही. आणि ‘जमलेली जोडी’ या शब्दाला एक रुपयाही जास्त देत नाही. पाठवताना मासा आणि झिंगा वेगवेगळ्या पिशव्यांतच घालावे लागतात, आणि एकमेकांना चालणाऱ्या जाती असल्या तर लहान टाकीत ते बहुधा आपसूकच एकमेकांना शोधतात. जमवण्याचे श्रेय विकत घेण्याजोगे नसतेच. तक्रारीचे म्हणाल तर मेलेल्या प्राण्याइतकीच ‘वेगळी जात आली’ ही अटही पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावी. माझ्या व्यवहारात ती नव्हती, आणि झिंगा जिवंत आहे ना, मग भरपाई कसली, हा त्याचा शेवटचा युक्तिवाद त्यावरच उभा होता.

त्या तपकिरी झिंग्याला मी मारले नाही. तो ज्या खडकात होता तो अख्खा खडक बादलीवर उचलून धरला, गोड्या पाण्याची पिचकारी भोकात मारली, आणि तो खाली पडला. आता एका लहानशा टाकीत एकटा राहतो आणि रात्री टक् टक् करून घरच्यांची झोप मोडतो. नोव्हेंबरमध्ये एका दुकानात स्वतः जाऊन, भर दुपारी डोळ्यांनी पाहून, कँडी झिंगा दोन हजारांना आणला. सोडला त्याच्या तिसऱ्या सकाळी याशा पंपामागून निघून बिळाच्या तोंडाशी बसलेला होता आणि त्याच्या पाठीवर एक लाल मिशी टेकलेली होती.

विक्रेत्याने मला ब्लॉक केले आहे, पण नागपूरच्या एका परिचिताने गेल्या महिन्यात त्याला नुकताच आलेला एक व्हिडिओ मला मत विचारायला पाठवला. अठरा सेकंद, उजवा आकडा, मागे तोच हीटर. किंमत ९,५०० झाली आहे.