सोलापुरातली परिषद, सोसायटीचं अधिवेशन की कार्यशाळा? उपयोजित गणितातल्या संशोधकांसाठी तुलना

डिसेंबर ते मार्च हा परिषदांचा हंगाम. मिळालेला निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा, म्हणून फेब्रुवारीत एकाच आठवड्यात तीन-तीन माहितीपत्रकं व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. सोलापुरात उपयोजित गणितात पीएच.डी. करणाऱ्यापुढे साधारण तीन वाटा असतात. इथल्याच महाविद्यालयात किंवा विद्यापीठात भरणारी दोन दिवसांची परिषद ही एक. 1907 पासून चालत आलेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीसारख्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन ही दुसरी. आणि पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला एकाच विषयावर होणारी कार्यशाळा ही तिसरी.

माहितीपत्रकावर 'राष्ट्रीय' आहे की 'आंतरराष्ट्रीय' यावरून निवड करू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) शिक्षकांसाठीच्या 2018 च्या नियमावलीत देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या सादरीकरणाला 5 गुण आहेत, राष्ट्रीयला 3 आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीला 2. शिक्षकांच्या दृष्टीने हा फरक मोठा, त्यामुळे परदेशातल्या एका पाहुण्याचं ऑनलाइन व्याख्यान ठेवूनही परिषद 'आंतरराष्ट्रीय' होते. संशोधक विद्यार्थ्याने दोनच गोष्टी तपासाव्यात: आपल्या सत्रात समोर कोण बसणार, आणि पेपरचं पुढे काय होणार.

समोर कोण बसणार

स्थानिक परिषदेत विषय मिसळलेले असतात. एकाच सत्रात द्रवगतिकी, ग्राफ थिअरी, फझी सेट आणि फिक्स्ड पॉइंट असे पेपर एकापाठोपाठ येतात. दहा मिनिटं सादरीकरण, दोन मिनिटं प्रश्न. सत्राध्यक्ष भूमितीचे असतील तर ते तुमच्या स्कीमच्या, म्हणजे समीकरण आकड्यांनी सोडवण्याच्या पद्धतीच्या, आत शिरणार नाहीत. ते विचारतील, 'याचा उपयोग काय?' या प्रश्नाला हसू नका. उजनीच्या कालव्यातल्या प्रवाहाचं किंवा चादरीचं सूत वाळवताना होणाऱ्या उष्णतावहनाचं मॉडेल असेल, तर त्या कामाशी रोजचा संबंध असलेला माणूस भेटण्याची शक्यता बेंगळुरूपेक्षा सोलापुरात जास्त. गृहीतकं कुठे खोटी पडतात हे असा माणूस एका वाक्यात सांगतो.

स्कीममधली चूक मात्र इथे कुणी पकडत नाही, आणि खरा धोका तोच. समजा, तुम्ही कापुटो डेरिव्हेटिव्हचं (अपूर्णांकी कोटीचा एक डेरिव्हेटिव्ह, ती कोटी α) काल-अंशात्मक विसरण समीकरण एल-1 या नेहमीच्या स्कीमने सोडवलं आणि स्लाइडवर 'अचूकता 2 − α' असं लिहिलं. मिसळलेल्या सत्रात टाळ्या पडतील. विषयाच्या कार्यशाळेत मात्र पहिलाच प्रश्न येईल, 'टेबल कुठे आहे?' वेळेची स्टेप निम्मी करत गेल्यावर त्रुटी किती पटीने घटते हे दाखवावं लागतं. दुसऱ्या ऑर्डरच्या स्कीममध्ये ती चौथ्या हिश्शावर यायला हवी. दोन लागोपाठच्या त्रुटींच्या गुणोत्तराचा 2 पायाचा लॉगॅरिदम म्हणजे तुमची प्रत्यक्षातली ऑर्डर. पुढचा प्रश्न त्याहून बोचरा असतो: t = 0 जवळ उकल पुरेशी गुळगुळीत आहे का? अशा समीकरणांच्या उकली सुरुवातीला बहुधा तशा नसतात. मग समान स्टेपच्या जाळीवर 2 − α ही ऑर्डर टिकत नाही आणि सुरुवातीला दाट, पुढे विरळ अशी जाळी घ्यावी लागते. मुद्दाम गुळगुळीत उकल निवडून केलेल्या टेबलात हे झाकलं जातं. हा प्रश्न नियतकालिकाचा रेफ्री (पेपर तपासणारा तज्ज्ञ) किंवा प्रबंधाचा परीक्षक कधीतरी विचारणारच, तर तो कार्यशाळेत चहाच्या वेळी ऐकलेला परवडतो.

सोसायटीचं अधिवेशन या दोन्हींच्या मधलं. मुख्य व्याख्यानं दर्जेदार असतात आणि विषयगटानुसार पेपर वाचनाची स्पर्धाही असते. पण समांतर सत्रं इतकी, की तुमच्या खोलीत सात-आठ माणसं असली तरी नशीब. तिथे सादरीकरणापेक्षा जेवणाच्या रांगेतल्या ओळखी जास्त उपयोगी पडतात. पोस्ट-डॉक किंवा बाह्य परीक्षक शोधायचा असेल तर ही जागा चांगली.

पेपरचं पुढे काय

'निवडक पेपर नामांकित नियतकालिकात' या वाक्यात कोणतंही वचन नसतं. नियतकालिकाचं नाव विचारा आणि त्या नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विशेषांकाची घोषणा आहे का ते पाहा. 'स्कोपससाठी पाठवणार' म्हणजे स्कोपस या नियतकालिकांच्या सूचीत आहे असं नव्हे. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक. तो असला म्हणजे पेपर कुणी तपासला, असं सिद्ध होत नाही. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केल्यामुळे यादीत नाव पाहून निर्धास्त होण्याची सोयही राहिली नाही.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे मुख्य प्रमेय आयएसबीएनच्या पुस्तकात पूर्ण छापून टाकणं. नंतर तेच चांगल्या नियतकालिकाला पाठवलं, की साम्य तपासणीत तुमचाच जुना मजकूर समोर येतो आणि पेपर परत येतो. स्थानिक परिषदेत फक्त सारांश छापायला द्या. पूर्ण पेपर सक्तीचा असेल तर एखादं विशेष उदाहरण किंवा संख्यात्मक भाग द्या आणि सिद्धता राखून ठेवा. सारांश 200 ते 300 शब्दांत बसवा, त्यात संदर्भक्रमांक नकोत. एमएससी 2020 चा (गणिताच्या विषयांच्या वर्गीकरणाचा, पदवीचा नव्हे) क्रमांक नीट निवडा. मर्यादित फरक पद्धतीचं काम 65 मध्ये, म्हणजे संख्यात्मक विश्लेषणात जातं. तेच नुसतं 35 खाली टाकलं, तर तुम्ही आंशिक अवकल समीकरणांच्या सैद्धांतिक सत्रात जाऊन पडता आणि दोन्हीकडचे श्रोते हुकतात.

खर्च, वेळ आणि कागद

सोलापुरातल्या परिषदेला नोंदणी शुल्काशिवाय जवळजवळ काही लागत नाही. पुण्याचा कार्यक्रम एक दिवसाचा असेल तर सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन रात्री परत येता येतं, फक्त उद्घाटन सोडून द्यावं लागतं. (त्यात फारसं काही बुडत नाही.) अधिवेशनात मात्र नोंदणी, सदस्यत्व, प्रवास आणि तीन-चार रात्रींचा मुक्काम असा सगळा हिशेब एकत्र करा. बाहेरचे सहकारी संक्रांतीच्या सुमारास सोलापूरला येणार असतील तर लॉज आधीच धरायला सांगा. गड्ड्याच्या यात्रेत शहरात जागा मिळणं अवघड.

पैशाच्या बाबतीत कार्यशाळा पुढे आहेत. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांच्या राष्ट्रीय गणित केंद्राच्या एटीएम (ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) कार्यशाळांमध्ये निवड झालेल्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय होते. पण तिथे तुम्ही शिकायला जाता, पेपर वाचायला नाही. त्या प्रमाणपत्रावर 'सादरीकरण' हा शब्द नसतो. प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन सादरीकरणं हवीत, ही यूजीसीची 2016 ची अट 2022 च्या नियमांत राहिली नाही, तरी विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. आपली नोंदणी कोणत्या नियमांखाली झाली ते पीएच.डी. विभागात विचारा, आणि शक्यतो उत्तर लेखी घ्या.

कोणत्या वर्षी कुठे

पहिल्या वर्षी, निकाल हातात नसताना, कार्यशाळा. पहिला निकाल आला की सोलापूरची परिषद. मराठी-इंग्रजी मिसळून बोलत वेळ सांभाळायची सवय इथे होते, आणि चुकलं तर नुकसान थोडं. प्रमेय आणि टेबल दोन्ही पक्की झाली की विषयाच्या छोट्या परिषदेत पूर्ण काम मांडा. अधिवेशन शेवटच्या वर्षासाठी ठेवा, पुढच्या नोकरीच्या शोधाबरोबर. गाईडच्या आग्रहाखातर पहिल्याच वर्षी अधिवेशनाला जाणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे गेले आणि फोटो आला.

परदेशाचा विचार असेल तर चार वर्षांतून एकदा भरणारी आयसीआयएएम ही उपयोजित गणिताची आंतरराष्ट्रीय परिषद या विषयातली सर्वात मोठी सभा. 2023 ला ती टोकियोला झाली, 2027 ला नेदरलँड्समधल्या हेगला आहे. प्रवास अनुदानाच्या अर्जाला स्वीकृतीपत्र लागतं, म्हणून सारांश पहिल्याच फेरीत पाठवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुटं पोस्टर नेण्यापेक्षा एखाद्या मिनी-सिम्पोझियममध्ये (एकाच विषयावरच्या छोट्या सत्रात) जागा मिळते का ते पाहा, कारण तिथे श्रोते तुमच्याच विषयाचे असतात.

कुठेही गेलात तरी स्लाइड पीडीएफमध्येच न्या. बीमरची (लेटेकमध्ये स्लाइड बनवण्याच्या पॅकेजची) स्लाइड मूळ 4:3 असते आणि सभागृहातला प्रोजेक्टर बहुधा 16:9. सेटिंग बदललं नाही तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि आलेख बारीक दिसतो. पीडीएफमध्ये घातलेला व्हिडिओ परक्या संगणकावर बहुतेक चालत नाही. त्याऐवजी t च्या चार किमतींचे चार आलेख एका स्लाइडवर ठेवा. दहा मिनिटांना दहा स्लाइड पुरतात. त्रुटीचं टेबल सातव्या स्लाइडच्या आत आलं पाहिजे, कारण आठव्यानंतर सत्राध्यक्ष घंटा वाजवतात.