खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण) घ्याच
आधी मी खारटपणा मोजायला काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर वापरायचो, काट्याला बारीकसा बुडबुडा चिकटला तरी रीडिंग चुकायचं आणि जीव टांगणीला लागायचा, क्लाउनफिशची जोडी आहे ना घरात. शेवटी क्रॉफर्ड मार्केटमधनं हा रिफ्रॅक्टोमीटर आणला. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, बास. विशिष्ट घनता १.०२६ म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तेवढं ठेवतो. फक्त कॅलिब्रेशन (रीडिंग बरोबर जुळवून घेणं) आरओच्या पाण्याने नका करू, ३५ पीपीटीचं सोल्युशन वेगळं घ्या, खरंच फरक पडतो. मे महिन्यात पाणी भराभर उडतं पण मीठ टाकीतच राहतं, खारटपणा चढतो, म्हणून रोज मोजून साधं आरओ पाणी घालतो. डोळ्याला लावायचं रबर मात्र जरा कडक आहे.